मधलीचं गुणी बाळ

सिस्टरचा आवाज चढलेला नव्हता, म्हणूनच तो तिला लागला. चढलेल्या आवाजाची तिला सवय होती. स्क्रीन बंद पडली, छपाई अडकली, की माणसं फोनवर आधी ओरडतात आणि मग काय झालं ते सांगतात. अशा कितीतरी आरड्याओरड्याखालून तिने नेमकं दुखणं अलगद काढून घेतलं होतं, पायातला काटा काढावा तसं. पण रुग्णालयातल्या या सिस्टर सकाळी सकाळी, शेजारणीला सांगावं इतक्या साधेपणाने म्हणाल्या, "मॅडम, तुमच्या स्क्रीनला माहीत नव्हतं, तर माहीत नाही म्हणायचं ना. ॲलर्जी नाही, असं कशाला सांगायचं?" आणि थांबल्या. त्या थांबण्यात मागून ट्रॉलीची चाकं कुरकुरत गेली, कुणीतरी खोकलं, एक दार आपटलं. "हो," ती म्हणाली. मग "बघते" म्हणाली. मग न राहवून तिने विचारलं, "त्या बाई कशा आहेत?"

"अहो, काही झालेलं नाही त्यांना. इंजेक्शन दिलंच नाही मी. मजेत आहेत, बिस्किटं मऊ पडलीत म्हणून माझ्याशी भांडतायत." सिस्टर हसल्या. "त्यांची ॲलर्जी कालच मी माझ्या हाताने भरली होती, म्हणून लक्षात राहिलं. नाहीतर नाव त्यांचंच, खाट त्यांचीच, आणि खाली ठळक अक्षरांत, ॲलर्जी नाही. मी रजेवर असते तर?"

रोज कामाला बसताना दोन्ही तळवे टेबलावर टेकवून एक श्वास शांत घ्यायचा आणि काल उघडं राहिलेलं आधी मिटवायचं, मगच नवं उघडायचं, असा तिचा नेम होता. त्याबद्दल ती कुणाला कधी बोलली नव्हती. नेम सांगत सुटलं की त्याचा टेंभा होतो. आज फोन आधी आला आणि तळवे टेकवायचे राहून गेले. समोरच्या इमारतीच्या खिडकीत एक बाई कुंडीला पाणी घालत होती, पाणी खालच्या कठड्यावर ठिबकत होतं, आणि या खोलीत नेहमीसारखाच कळफलकांचा बारीक पाऊस चालू होता. सगळं जागच्या जागी होतं. तरी आपण बसलो आहोत ती खुर्ची कुणीतरी बोटभर सरकवून ठेवावी, तसं तिला वाटत राहिलं.

काय झालं असेल ते शोधायला तिला फार वेळ लागला नाही. त्या बाईंची रुग्णालयात दोनदा नोंद झालेली होती, एक जुनी, एक नवी. काल संध्याकाळी कुणीतरी शहाणपणाने दोन्ही नोंदी एकत्र केल्या आणि जुना क्रमांक पुसला गेला. खाटांच्या यादीत मात्र बाईंच्या नावापुढे जुनाच क्रमांक राहिला. सकाळी स्क्रीनने तो क्रमांक मधलीकडे, म्हणजे तिनेच लिहिलेल्या मधल्या प्रोग्रामकडे, पाठवला आणि म्हटलं, हा रुग्ण आणून दे, त्याची ॲलर्जी सांग. आत, डेटाबेसमध्ये, त्या क्रमांकाचं कुणीच नव्हतं. पण मधलीला नाही म्हणायला शिकवलेलंच नव्हतं. तिने गुणी बाळ, म्हणजे एक कोरा रुग्ण, आणून दिलं. गुणी बाळाला विचारलं, ॲलर्जी? त्याने रिकामी यादी पुढे केली. रिकामी यादी बघून स्क्रीनने लिहिलं, ॲलर्जी नाही. कुणी खोटं बोललं नव्हतं. प्रत्येकाने आपापलं काम चोख केलं होतं.

मधली म्हणजे तिची लायब्ररी, इथल्या सगळ्या प्रोग्रामांनी वापरायचा सामाईक कोड. कागदोपत्री तिला लांबलचक नाव होतं, पण ते फक्त साहेब वापरत, तेही पाहुणे आले की. ती या नोकरीत आली तेव्हा इथला प्रत्येक जण डेटाबेसमध्ये थेट हात घालत असे. एकाच स्वयंपाकघरात दहा जण शिरावेत, ओल्या हाताने डबे उघडावेत, झाकणं उघडी टाकून निघून जावं, तसला कारभार. आत जायची वाट उघडायची सगळ्यांना आठवण, मिटवायची एकालाही नाही. दुपार उलटली की डेटाबेस धापा टाकायचा आणि जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवायचा. तिने कुणालाच काही म्हटलं नाही. एका बाजूला बसून थोडं थोडं लिहीत गेली. आतल्या प्रत्येक टेबलासाठी बाहेर एक ऑब्जेक्ट, म्हणजे एक जिवंत वस्तू: रुग्ण, खाट, पुस्तक, सभासद. रकान्यांची ती कोरडी ओळ मधलीच्या हाताखालून गेली की तिचा माणूस व्हायचा. त्याला वय विचारलं तर तो जन्मतारखेवरून आपलं आपण मोजून सांगायचा. कुणी आत जायचं नाही. मधलीला म्हणायचं, अमका आणून दे. ती आणणार. त्याच्याशी बोलायचं, बदलायचं ते बदलायचं, आणि म्हणायचं, ठेव. ती जागेवर ठेवणार आणि दार लावून घेणार. दुसऱ्याचा कोड वाचताना पूर्वी कपाळावर आठ्या पडायच्या, तिथे आता सरळ वाक्यं दिसू लागली. धुऊन इस्त्री केलेल्या कपड्यांची चळत कपाटात बघावी, तसं ते तिला दिसायचं. तिला जगाकडून फार काही नको होतं. हे होतं, आणि ते पुरेसं होतं.

मधली हे नाव चष्मिसने ठेवलं. चष्मिस ही तिच्या पलीकडच्या टेबलावरची, रुग्णालयाच्या आणि वाचनालयाच्या स्क्रीन करणारी, तिखट जिभेची आणि मऊ मनाची. "मधली सून असते ना, ताई, तशी आहे ही," ती म्हणाली होती. "थोरलीसारखा तोरा नाही, धाकटीसारखं कौतुक नाही. दोन्हीकडचं ऐकून घेते आणि सगळ्यांच्या हातात आयतं देते." गुणी बाळ हेही तिचंच बारसं. सुरुवातीला मागितलेली वस्तू आत नसली की प्रोग्राम धाडकन कोसळायचे. गिऱ्हाइकांचे फोन, साहेबांच्या येरझाऱ्या, स्वच्छतागृहात जाऊन तोंड धुऊन येणारी नवी मुलं. ते तिला बघवेना. एका रविवारी घरी बसून तिने ते रिकामं ऑब्जेक्ट घडवलं. काहीच सापडलं नाही, तर मधली हे देणार. त्याला नाव विचारा, कोरं. वय विचारा, शून्य. यादी मागा, रिकामी. काहीही विचारलं तरी खालच्या आवाजात उत्तर. कोसळणं त्या दिवसापासून थांबलं. "बाळ गुणी आहे हो, रडत म्हणून नाही," चष्मिस म्हणाली आणि नाव चिकटलं. इतकी वर्षं घरी परतताना, पिशवीचा बंद खांद्यावर नीट करता करता, तिला कधी कधी उगीच त्या बाळाची आठवण यायची आणि ओठांच्या कोपऱ्यात हसू यायचं. आपल्या हातून झालेली सगळ्यांत मायेची गोष्ट, असं तिला वाटायचं.

माहीत नाही म्हणायचं ना. सिस्टरचं ते वाक्य दिवसभर तिच्या बरोबर फिरत राहिलं, जिन्यात, नळाशी, आणि दुपारी डबा उघडताना ते एकदम आईच्या आवाजाला जाऊन भिडलं. आई तिच्याकडेच राहते, आणि त्या सकाळीच खालच्या मजल्यावर नव्याने राहायला आलेल्या बाईंनी जिन्यात आईला विचारलं होतं, "मुलगी एकच का तुम्हाला?" "मुलगा आहे ना," आई म्हणाली. "कसा आहे?" "बरा आहे." "कुठे असतो?" "बाहेर असतो. कामात असतो." मागून चप्पल घालत घालत तिने ते ऐकलं आणि तिच्या कानाला त्यात काहीसुद्धा खटकलं नाही. तीच उत्तरं तीही देत आली होती. दादा कामासाठी म्हणून दूर गेला तेव्हा ती शिकत होती. भांडण नाही, तंटा नाही. सुरुवातीला यायचा, मग कमी यायचा, मग निरोप यायचे, मग निरोप आणणारी माणसंही पांगली. कुठल्या दिवशी तो यायचा थांबला, ते सांगताच येणार नाही, कारण असा कुठला दिवस नव्हताच. विचारणारे मात्र येत राहिले आणि आई त्यांना रिकाम्या हाताने पाठवत नसे. दारात आलेल्याला नाही म्हणू नये, ही आईची शिकवण होती. भांड्यात जे असेल ते द्यावं, काही नसेल तर गोड बोलावं. बरा आहे. कामात असतो. बाबा गेले तेव्हाही येणाऱ्याजाणाऱ्यांना हेच सांगितलं गेलं, आणि लोकांनी माना हलवल्या. त्या उत्तरांना कधी कुणी अडखळलं नाही. फक्त तिचा नवरा एकदा अडखळला होता. तो पहिल्यांदा घरी आला तेव्हा आईने सांगितलं होतं, तिचा भाऊ बाहेर असतो. "मला वाटलं, बाहेर म्हणजे जिन्यापाशी," तो अजून हसून सांगतो. "मी आपला दाराकडे बघत बसलो. म्हटलं, आता येईल, मग येईल. चहा गार झाला." सगळे हसायचे. आईसुद्धा हसायची, पदर तोंडाला लावून, आणि मग उठून आत जायची.

डब्यातला घास तिच्या हातात तसाच राहिला. आपण त्या रविवारी बसून जे घडवलं ते नवीन काहीच नव्हतं, हे तिला कळलं. तिला दुःख झालं नाही. उलट एखादा ओळखीचा चेहरा परक्या गर्दीत दिसावा तशी नवलाची झुळूक आली, आणि त्या झुळकीच्या मागोमाग भीती. कारण आता काय करायला हवं तेही दिसत होतं. मधलीला नाही म्हणायला शिकवायचं. आणि मधलीवर तर इथला प्रत्येक प्रोग्राम उभा होता. ती एक गोष्ट बदलली की सगळ्यांची कामं एकदम उसवणार, सगळे तिच्याकडे बघणार. आपल्यामुळे कुणाला खुर्चीतून उठावं लागू नये, असं जपत ती इथवर आली होती. ताई कुणाच्या अध्यातमध्यात नसतात, असं लोक म्हणत, आणि तिला ते आवडायचं.

साहेब पूर्वी यंत्रं विकायचे. आवाज अजून लोण्यासारखा होता. "झालं ते वाईट," ते म्हणाले, "पण टळलं ना, ताई? त्या स्क्रीनवर एक ओळ टाका, विषय संपला. मधलीला हात लावू नका."

"ती ओळ सकाळीच टाकली," ती म्हणाली. "पण मधली बदलायला हवी. गुणी बाळ काढायला हवं."

"काढायचं? अहो, वाचनालय, शाळा, पाणीपुरवठा, सगळी त्या बाळाच्या जिवावर झोपतात. सगळे अंगावर येतील. म्हणतील, ताईंनीच बांधलं आणि ताईंनीच पाडलं. उद्या कुणी म्हणालं, टाकून द्या ही मधली, बाजारात तयार मिळते ती आणा, तर मी कसं तोंड देऊ? इतक्या वर्षांचं तुमचं नाव आहे त्यावर. मी तुमच्या भल्याचं सांगतोय." त्यांनी फाइल मिटली. "तर ठरलं, एक ओळ."

"नाही," ती म्हणाली.

शब्द बाहेर पडला आणि टेबलावर पडून राहिला. त्याच्यावर पांघरायला तिच्याकडे नेहमीची पांघरुणं तयार होती: म्हणजे तसं नाही हो, तुमचंही बरोबर आहे, बघू या. ती जिभेच्या टोकापर्यंत आलीही. तिने ती येऊ दिली आणि परत पाठवली. पंख्याच्या वाऱ्याने फाइलची कड उडत होती. मधलीच जाऊ शकते. हे साहेबांनी धमकी म्हणून सांगितलं नव्हतं, ते खरंच होतं. ती गेली तर आपल्या दिवसांत काय उरेल, हा विचार तिच्या मनात डोकावून गेला, आणि त्याच्या मागोमाग ट्रॉलीच्या चाकांची ती कुरकुर.

"नाही म्हणजे?" साहेबांनी विचारलं. त्यांचा आवाज कठोर नव्हता, चकित होता.

"एका ओळीने भागणार नाही. ते बाळ आणखी कुठे कुठे जाऊन बसलंय, आपल्याला ठाऊकच नाही. कधी रडलंच नाही ना ते."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "तुमच्या तोंडून हा शब्द पहिल्यांदा ऐकतोय."

"मलाही नवीनच आहे," ती म्हणाली, आणि साहेब एकदम हसले.

"शिव्या तुम्हाला पडतील हां, मला नाही. आणि महिन्याभरात घडी बसली नाही, तर बाजारातली आणायची. मग माझ्याकडे बघायचं नाही."

"पडू देत," ती म्हणाली. "महिना पुरेल."

तिने मधलीला नवी रीत शिकवली. आता कुणी रुग्ण मागितला की मधली रुग्ण थेट हातात देत नसे. झाकलेला डबा देई. आत असेल किंवा नसेल. झाकण काढण्याआधी मागणाऱ्याने सांगायचं, नसेल तर मी काय करणार आहे. ते लिहिल्याशिवाय प्रोग्राम तयारच होणार नाही. लिहायला सोपं होतं, तिचे दोनच दिवस गेले. मग तिने ते सगळ्यांकडे पाठवलं, तळवे टेबलावर टेकवले आणि वाट बघत बसली. आधी खोलीतला कळफलकांचा आवाज मंदावला. मग थांबला. जिथे जिथे म्हणून कुणी कधी मधलीकडे काही मागितलं होतं, तिथे तिथे चूक दाखवणारी लाल रेघ उमटली होती.

"ताई," चष्मिस ओरडली, "माझ्या स्क्रीनला गोवर आलाय!"

"माझ्याकडे तर पांढरं काही उरलंच नाही," शाळेच्या प्रोग्रामवाला म्हणाला. "चाललं होतं ना सगळं? सुखाचा जीव दुःखात कशाला?"

पुढचे दिवस बरे नव्हते. ती चहाला गेली की बोलणं थांबायचं आणि कुणीतरी हवेबद्दल काहीतरी म्हणायचं. तिचा कप तिच्या जागी असायचा, साखर हवी तेवढी, तरी चहा कडू लागायचा. शाळेवाला एकदा तिच्या टेबलाशी येऊन वाकला, आवाज खाली आणून म्हणाला, "ताई, ते बाळ परत आणा ना गुपचूप. तुम्ही आणि मी, तिसऱ्याला कळणार नाही. घरी बायको म्हणते, तू झोपेत लाल लाल म्हणतोस." त्याचे डोळे खरंच थकलेले होते. तिच्या अंगात सगळं काही त्याला हो म्हणायला उठलं. तिची बोटं कळफलकावर गेलीही. एवढीशी तर गोष्ट होती, जुनी ओळ परत घालायची, आणि ही खोली पुन्हा पहिल्यासारखी गोड होईल. पुन्हा ताई कुणाच्या अध्यातमध्यात नसतील. तिला आठवलं, आपण लहान असताना अंधारात घाबरलो की दादाला हाक मारायचो आणि तो झोपेतच "आहे, आहे" म्हणायचा. तेवढ्याने झोप लागायची. पुढे तो नसतानाही आई तिकडून, त्याच्याच सुरात, "आहे, आहे" म्हणायची, आणि तरीही झोप लागायची. फक्त त्या झोपेत ती सारखी कूस बदलायची. तिने बोटं उचलली. "मी बसते तुझ्या शेजारी," ती शाळेवाल्याला म्हणाली. "दोघं मिळून काढू. पण बाळ परत येणार नाही." ती खुर्ची ओढून त्याच्याजवळ बसली आणि ती दोघं एकेक लाल रेघ बघत गेली. नसेल तर काय करायचं? नसेल तर? तो सुरुवातीला चिडून उत्तरं देत होता, मग विचार करून देऊ लागला.

खोली पालटली ती वाचनालयामुळे. लाल रेघा काढता काढता चष्मिस एकाएकी इतकी मोठ्याने हसली की सगळे उठून तिच्यामागे गोळा झाले. "अहो, या इकडे! बाळ वाचतंय!" झालं होतं असं, की ज्या सभासदांची नावं कमी केली होती त्यांच्या जुन्या कार्डांवर वाचनालयातून पुस्तकं दिली जात होती. कार्डाचा सभासद आत नसे, मधली बाळ पुढे करी, आणि बाळ निमूटपणे पुस्तक घेई. एक कपाट भरेल इतकी पुस्तकं वर्षानुवर्षं कुणाच्याच नावावर नव्हती. तिथल्या ग्रंथपाल बाई ती फळ्यांवर शोधून शोधून दमल्या होत्या. "आणि आवड बघा पठ्ठ्याची," चष्मिस डोळे पुसत म्हणाली. "सगळी प्रवासवर्णनं! घरात बसून जग हिंडतंय." मग शाळेवाला धावत आपल्या जागी गेला आणि थोड्या वेळाने तिथूनही आरोळी आली. एका वर्गात नाव नसलेला एक विद्यार्थी होता. रोज त्याची गैरहजेरी लागत होती आणि बाईंनी प्रगतिपुस्तकावर शेराही मारला होता: शांत आहे, अधिक बोलावे. त्या दिवसापासून बाळाला हुडकून काढायचा खेळच झाला. कुठे सापडलं की आरोळी, आणि सगळे बघायला. पाणीपुरवठ्याच्या प्रोग्रामात त्याच्या घरी नळ होता. ती आपल्या जागेवरून ते ऐकत होती आणि हसत होती. तिनेच घडवलेलं, तिचंच ते. किती ठिकाणी जाऊन बसलं होतं बिचारं, कुणी हाक मारील म्हणून. आणि शेवटची लाल रेघ पुसली गेली तेव्हा साहेबांनी ठरवलेला महिना सरायचा होता. साहेब येऊन तिच्या टेबलाशी उभे राहिले आणि तिच्यासमोरचा रिकामा कप उचलून स्वतः ठेवून आले.

सिस्टरचा फोन नंतर आठवड्याभराने आला. दुपार होती, मागे तीच ट्रॉली. "मॅडम, आज स्क्रीन म्हणाली, नोंद सापडली नाही, रुग्णाला विचारा."

"मग?" तिने विचारलं.

"मग काय, गेले विचारायला. आजोबा आहेत एक. विचारलं एक, सांगितलं सतरा. बायको कशी भेटली तिथपासून सुरुवात. माझी कामं पडली तशीच." सिस्टर थांबल्या. "पण दुसरं कार्ड निघालं त्यांच्या खिशातून. जुनं होतं. त्याच्यावर सगळं होतं. आता नीट केलंय मी." आणि फोन ठेवता ठेवता म्हणाल्या, "जरा उठायला लावता तुम्ही. असू दे. लावा."

त्या संध्याकाळी ती घरी आली तेव्हा नवरा अजून यायचा होता. आतल्या खोलीत खिडकी उघडी होती आणि आई पलंगावर वाळलेले कपडे घेऊन बसली होती. उन्हाचा वास सगळ्या खोलीभर होता. ती बाजूला बसली, एक चादर ओढून घेतली, दोघींनी दोन टोकं धरली, एकमेकींकडे आणली, घडी घातली. अशी कितीतरी वर्षं त्या दोघी चादरींच्या घड्या घालत आल्या होत्या, आणि दर वेळी टोकं जुळताना बोटांना बोटं लागत होती. दिवसभराचं समाधान तिच्या अंगात मंद भिनलेलं होतं. काही बोललं नाही तरी चाललं असतं, ही संध्याकाळ तशीच गोड सरली असती. "खालच्या बाई आल्या होत्या," आई म्हणाली. "दादाचं विचारत होत्या. म्हटलं, बरा आहे."

"आई," ती म्हणाली, "तो कुठे आहे, ते आपल्याला माहीत नाही ना?"

आईच्या हातात उशीचा अभ्रा होता. "बरा—" तिने सवयीने सुरुवात केली, आणि तो शब्द तिथेच राहिला. खाली कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. आईने अभ्रा मांडीवर ठेवला, त्याच्यावरून हात फिरवला, एकदा, पुन्हा एकदा. आता आई उठून जाईल, असं तिला वाटलं. पण आई उठली नाही.

"नाही," आई म्हणाली. "नाही माहीत."

आईचा चेहरा रडवेला होईल म्हणून ती बघत होती, तसं काही झालं नाही. डोक्यावरचा भारा खाली ठेवावा आणि मान हलवून बघावी, तशी आईने मान थोडी हलवली. "शोधायचं म्हणतेस?"

"म्हणते."

"आणि नाही सापडला तर?"

"तर नाही सापडला म्हणू. विचारलं कुणी, तर तसंच सांगू."

"विचारणार कुणाला पण?"

"तो शेवटी जिथे कामाला होता, तिथून सुरू करू. कुणालातरी ठाऊक असेल. नसेल तर ते पुढचं नाव सांगतील."

आईने हे ऐकून घेतलं. मग तिच्या कपाळावर आठी पडली, नेहमीची, कामाची, पाहुणे येणार असले की पडते तशी. "आणि ओळखणार कसं त्याला? आता म्हातारा झाला असेल तो. टक्कल पडलं असेल, तुझ्या बाबांना पडलं होतं तसं." आणि आई हसली, पदर तोंडाला न लावता. "शिंकतो मात्र तस्साच असेल. अख्ख्या आळीला कळायचं. आणि डावा पाय जरा घासत चालतो, जन्मापासून. ते कुठे जात नाही. डावी चप्पल आधी झिजते त्याची, लक्षात ठेव. खोट्याला चांगलं ओळखतो आणि तरी त्याचंच ऐकतो. गरम पाणी लागतं प्यायला, बाराही महिने."

तिने कपड्यांची चळत पलीकडे सरकवली आणि पाय वर घेऊन आईसमोर नीट बसली. आई बोलत होती.